सर्वर चालू, लॉग कोरा, साइट मात्र कुणालाच दिसेना: ब्राउझरने अडवलेला पोर्ट कसा ओळखायचा

“काहून हो भाऊ, ते पावसाचं पान दिसूनच नाही राह्यलं!” सकाळी साडेसातला पहिला फोन आला आणि आठ वाजेपर्यंत आणखी चार. वरूड तालुक्यातल्या आमच्या संत्रा बागायतदारांच्या गटाच्या खोलीत एक छोटा संगणक चोवीस तास चालू असतो. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. मी घरच्या लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने, आत शिरून त्यावर काम करतो. तेव्हा त्यावर तीन साइट होत्या. कलमांची नोंदणी पोर्ट ३००० वर (पोर्ट म्हणजे एकाच संगणकावरच्या वेगवेगळ्या सेवांच्या दारांचे आकडे), फवारणीचं वेळापत्रक ४००० वर, गटाच्या जमाखर्चाची वही ५००० वर. चौथी साइट गावोगावच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींची, आणि क्रमाने तिच्या वाट्याला ६००० आला. आदल्या रात्री मी ती चढवली, राउटरवर पोर्ट पुढे पाठवला, म्हणजे बाहेरून त्या आकड्यावर येणारं या संगणकाकडे वळवलं, आणि बाहेरच्या इंटरनेटवरून कर्लने, म्हणजे ब्राउझरशिवाय पान मागवणाऱ्या प्रोग्रॅमने, पत्ता तपासला. पान नीट आलं, म्हणून झोपलो.

सकाळी ती एकाही मोबाइलवर उघडेना.

पहिला संशय विजेवर गेला, कारण आमच्याकडे रात्री लाइन जाणं नवं नाही. पण बाकीच्या तीन साइट चालू होत्या, म्हणजे संगणक चालू होता. मग राउटरच्या नोंदी पुन्हा पाहिल्या, फायरवॉल पाच मिनिटं बंद करून पाहिली, इंटरनेट देणाऱ्याला फोन लावला, शेवटी साइट पुसून नव्याने चढवली. कर्ल प्रत्येक वेळी पान आणून देत होता आणि मोबाइल प्रत्येक वेळी नकार देत होता. यात दोन दिवस गेले, तेही ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा लोकांना त्या नोंदींची सर्वांत जास्त गरज होती.

उत्तर त्या नकाराच्या पानावरच लिहिलेलं होतं, सगळ्यात खालच्या बारीक ओळीत. क्रोम वर मोठ्या अक्षरात सांगतो की या साइटपर्यंत पोहोचता येत नाही, ती तात्पुरती बंद असेल किंवा कायमची दुसऱ्या पत्त्यावर गेली असेल. हे वाचून माणूस सर्वरकडे धावतो. खरी गोष्ट त्या मजकुराखाली असते: ‘ईआरआर_अनसेफ_पोर्ट’. म्हणजे साइट बंद नाही आणि हललेलीही नाही. पत्त्यातला पोर्टचा आकडा ब्राउझरच्या मनाई यादीत आहे, म्हणून त्याने जोडणीचा प्रयत्नच केलेला नाही.

फायरफॉक्स याबाबतीत जास्त स्पष्ट बोलतो. हा पत्ता प्रतिबंधित आहे, हा पोर्ट एरवी वेब पाहण्याखेरीज दुसऱ्या कामाला वापरतात, तुमच्या सुरक्षिततेसाठी विनंती रद्द केली आहे, असं तो सरळ लिहितो. आमच्या गावात फायरफॉक्स कुणाच्या मोबाइलमध्ये नव्हता. असता तर माझे दोन दिवस वाचले असते. तेव्हापासून कुठलीही नवी साइट मी क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत उघडून पाहतो, आणि कर्लवर कधीच थांबत नाही.

आधी वेळ मोजा, मग लॉग पाहा

साइट उघडत नाही अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारतो: नकार लगेच आला की चक्र फिरत राहिलं? अर्धं निदान इथेच होतं. नकार डोळ्याची पापणी लवायच्या आत आला आणि खाली अनसेफ पोर्ट लिहिलं असेल, तर प्रश्न ब्राउझरच्या यादीचा. लगेच आला पण ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर मशीनपर्यंत निरोप पोहोचला पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नव्हतं. प्रोग्रॅम बंद पडला असेल, किंवा तो फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरता ऐकत असेल. चक्र बराच वेळ फिरून ‘टाइम्ड आउट’ आलं, तर वाटेत कुणीतरी निरोप गिळला. फायरवॉल, राउटर, किंवा इंटरनेट देणाऱ्याची यंत्रणा.

दुसरी खूण लॉगची, म्हणजे सर्वरकडे आलेल्या मागण्यांच्या नोंदीची. ब्राउझर पोर्ट अडवतो तेव्हा एकही पॅकेट बाहेर पडत नाही. सर्वरचा लॉग त्या भेटीपुरता कोरा राहतो, येणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प लावून बसलात तरी त्यात काही दिसत नाही. मी त्या दोन दिवसांत लॉग तीन-चारदा पाहिला आणि कोरा दिसला म्हणून राउटरला दोष दिला. राउटर निर्दोष होता. लॉग कोरा, कर्ल यशस्वी आणि ब्राउझरचा नकार झटपट, अशा तीन गोष्टी एकत्र दिसल्या की राउटरला हात लावू नका. पत्त्यातला आकडा पाहा.

कर्ल चालतो, कारण कर्ल ही यादी पाळत नाही. पायथनच्या नेहमीच्या लायब्ऱ्याही पाळत नाहीत. अँड्रॉइड अ‍ॅप स्वतःच्या नेटवर्क लायब्ररीने सर्वरशी बोलत असेल, तर तेही बिनबोभाट चालतं. पण त्याच अ‍ॅपमध्ये वेबव्ह्यू असेल तर अडतं, कारण आतल्या आत वेबपान दाखवणाऱ्या या वेबव्ह्यूच्या पोटात क्रोमचाच गाभा, क्रोमियम, असतो. नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: नोड १८ पासून त्यात आलेला, पान मागवणारा फेच ब्राउझरचे नियम पाळतो आणि ‘बॅड पोर्ट’ म्हणून परत येतो. म्हणजे तपासणीची स्क्रिप्ट नोडमध्ये असेल तर दोष सापडेल, कर्लमध्ये असेल तर सुटेल.

या दोषाचं एक लपलेलं रूपही आहे. पान ४४३ वर असतं, छान उघडतं, पण त्यातला जावास्क्रिप्ट आकडे आणायला दुसऱ्या पोर्टवर जातो आणि तो पोर्ट यादीतला निघतो. लोक सांगतात, “पान तं येते जी, पण आकडेच नाही येत.” मोठी त्रुटी कुठेच दिसत नाही, फक्त तक्ता रिकामा. ब्राउझरचा कन्सोल उघडला की खरं कारण दिसतं. चित्रं, फ्रेम, वेबसॉकेट या सगळ्यांना हीच मनाई लागू आहे.

कोणते आकडे टाळायचे

यादी मनमानी नाही. वेबची मानकं लिहिणाऱ्या डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या गटाच्या फेच मानकात ती लिहिलेली आहे आणि मोठे ब्राउझर थोड्याफार फरकाने तीच पाळतात. १०२४ च्या खाली ती लांब आहे: २१ एफटीपीचा, २२ एसएसएचचा, २३ टेलनेटचा, २५ टपालाचा, म्हणजे ईमेलचा, ५३ डीएनएसचा, ११०, १४३, ४६५, ५८७, ९९३ आणि ९९५ पुन्हा टपालाचे, ३८९ आणि ६३६ एलडॅपचे, ५१५ प्रिंटरचा, ५५४ कॅमेऱ्याच्या आरटीएसपीचा, आणि असे कितीतरी. ८० च्या शेजारचे आकडे क्रमाने वाटत जाणाऱ्यांना तर नक्की ठेच लागते. ८१ ते ८६ चालतात, ८७ अडतो, पुढे ९५ अडतो, आणि १०१ ते १०४ हे चारही अडतात.

आपल्यासारखे लोक बहुतेक १०२४ च्या वरचेच पोर्ट वापरतात, कारण लिनक्सवर त्याखालच्यांना वाढीव परवानगी लागते. तिथली यादी छोटी आहे आणि ती मी संगणकाच्या डब्यावर चिकटवून ठेवली आहे. १७१९, १७२० आणि १७२३. २०४९. ३६५९. ४०४५ आणि ४१९०. ५०६० आणि ५०६१. ६०००. ६५६६. ६६६५ ते ६६६९ असे पाच. ६६७९ आणि ६६९७. शेवटी १००८०. एकूण १९.

या आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा. ६०००, ६६६६, १००८०. माणूस लक्षात राहील म्हणून नेमके असेच आकडे निवडतो. हा दोष पुन्हा पुन्हा येण्याचं कारण हेच आहे. मी ६००० सोडला तेव्हा सोपा म्हणून ६६६६ घेतला आणि दुसऱ्या दिवशी तेच फोन पुन्हा आले. ६००० हा लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स-विंडो पडद्याचा, ६६६५ ते ६६६९ हे आयआरसी गप्पांचे. एक्स-विंडोचा दुसरा पडदा ६००१ वर असतो, पण तो यादीत नाही. म्हणजे मी त्या रात्री एकच आकडा पुढे सरकलो असतो तरी साइट चालली असती. पण कारण न कळता चाललेली साइट पुढच्या वेळी पुन्हा फसवते, म्हणून कारण समजून घेणं मला गरजेचं वाटतं.

ब्राउझर असं का वागतो

२००१ मध्ये योखेन टोप्फ या संशोधकाने वेबच्या साध्या फॉर्मचा एक धोका लिहून दाखवला. समजा एखाद्या ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये टपालाचा सर्वर आहे, पोर्ट २५ वर. बाहेरून त्याला हात लावता येत नाही. आता बाहेरच्या एका पानावर फॉर्म आहे, आणि तो फॉर्म ‘पाठवा’ म्हटल्यावर जातो त्या आतल्या सर्वरच्या २५ वर. ऑफिसमधल्या एखाद्याने ते पान उघडलं की त्याचाच ब्राउझर आतून तो फॉर्म पाठवतो. टपाल सर्वर एकेक ओळ वाचतो. पहिल्या ओळी एचटीटीपीच्या असतात, त्या त्याला कळत नाहीत. तो ‘ही आज्ञा समजली नाही’ म्हणतो आणि पुढची ओळ वाचतो. फॉर्मच्या मजकुरात मात्र टपालाच्याच आज्ञा भरलेल्या असतात: अमुककडून, तमुकला, हा मजकूर. त्या त्याला समजतात आणि तो टपाल रवाना करतो. फॉर्म भरणाऱ्या माणसाला यातलं काही कळत नाही.

एकेक ओळ वाचणाऱ्या, न कळलेली ओळ सोडून पुढे जाणाऱ्या सगळ्या जुन्या सेवांना हा धोका होता. त्या प्रत्येक सेवेत दुरुस्ती करणं शक्य नव्हतं, जगभर त्या लाखो मशीनवर चालत होत्या. म्हणून ब्राउझरनेच त्यांच्या पोर्टकडे जाणं थांबवलं. ही यादी आपल्या सर्वरच्या विरोधात केलेली नाही. ती आपल्याकडे येणाऱ्या माणसाच्या घरच्या, ऑफिसच्या नेटवर्कची राखण करते.

दुसरी मोठी भर पडली ती ३१ ऑक्टोबर २०२० नंतर. सुरक्षा संशोधक सॅमी कामकर यांनी त्या दिवशी ‘नॅट स्लिपस्ट्रीमिंग’ नावाचा हल्ला जाहीर केला. घरोघरच्या राउटरमध्ये इंटरनेट फोनसाठी एक सोय असते. ५०६० वरून जाणारं पॅकेट राउटर आतून वाचतो, त्यात फोनची नोंदणी दिसली की परतीच्या आवाजासाठी स्वतःहून बाहेरून आत वाट उघडतो. कामकर यांनी दाखवलं की एखादं वेबपान ब्राउझरकडून नेमक्या लांबीचा मजकूर असा पाठवून घेऊ शकतं की त्याचा एक तुकडा राउटरला हुबेहूब फोनच्या नोंदणीसारखा दिसेल. राउटर फसतो आणि बाहेरच्याला आतल्या मशीनपर्यंत वाट मिळते. ५०६० आणि ५०६१ यामुळे बंद झाले. जानेवारी २०२१ मध्ये आर्मिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी कामकर यांच्यासोबत दुसरी आवृत्ती मांडली. त्यात व्हिडिओ कॉलच्या जुन्या एच.३२३ पद्धतीतून नेटवर्कमधल्या कुठल्याही यंत्रापर्यंत पोहोचता येत होतं. मग १७१९, १७२०, १७२३ आणि ६५६६ हेही यादीत आले.

१००८० ची कथा मला जवळून माहीत आहे. घाटंजी तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांना मी बियाणं आणि खतांचा साठा दाखवणारं एक पान करून दिलं होतं, पोर्ट १००८० वर. मुळात ८०, म्हणून पुढे १०० लावलं. डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवण्याच्या पद्धतीत, काम करणारे बरेच जण हीच सवय लावून घेतात. पान बरेच दिवस सुरळीत चाललं. २०२१ च्या खरिपाच्या तोंडावर ते एकेका मोबाइलवर बंद पडायला लागलं. आज यांच्याकडे, परवा त्यांच्याकडे. सर्वरवर कुणी बोट लावलं नव्हतं. “काल तं चालत होतं बावा,” असं प्रत्येक जण सांगे आणि प्रत्येक जण खरं सांगत होता. १००८० हा अमांडा नावाच्या बॅकअप प्रणालीचा पोर्ट आहे, लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये त्यासाठीही तशीच मदतनीस सोय असते. फायरफॉक्सने तो आधीच बंद केला होता, क्रोमने त्या वर्षी केला. ज्याचा क्रोम ज्या दिवशी अद्ययावत झाला, त्याच्याकडे त्या दिवशी पान गेलं. जुना मोबाइल असलेल्या दोन-तीन काकाजींकडे ते सगळ्यात शेवटपर्यंत चालू राहिलं.

म्हणून ‘काहींकडे चालतं, काहींकडे नाही’ अशी तक्रार असेल तर प्रत्येकाच्या ब्राउझरची आवृत्ती विचारून घ्या. आणि यादीत आज नसलेला एखादा आकडा उद्या यादीत जाऊ शकतो, हे धरूनच मांडणी करा.

ब्राउझरची मनाई उठवावी का

ती उठवता येते. क्रोम सुरू करताना ‘एक्सप्लिसिटली-अलाउड-पोर्ट्स’ हा पर्याय आकड्यासह देता येतो. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ उघडून ‘नेटवर्क.सिक्युरिटी.पोर्ट्स.बॅन्ड.ओव्हरराइड’ या नावाची नोंद करून त्यात आकडा लिहिता येतो. एखादं जुनं यंत्र आहे, त्याचं नियंत्रण पान अशाच पोर्टवर अडकलंय आणि तो पोर्ट बदलता येत नाही, अशा वेळी स्वतःच्या लॅपटॉपवर तेवढ्यापुरतं हे करायला माझी हरकत नाही. काम झालं की नोंद काढून टाका.

लोकांना हे करायला सांगू नका. एक तर साध्या मोबाइलवरच्या क्रोममध्ये ते होण्यासारखं नाही. पण ते सोपं असतं तरी मी सांगितलं नसतं. आपल्या एका पानासाठी गावातल्या शंभर मोबाइलची राखण ढिली करायचा आपल्याला अधिकार नाही. आकडा आपण चुकीचा निवडला आहे, बदलायचाही आपणच.

कायमचा इलाज: पत्त्यात आकडाच नको

अडतो तो फक्त पत्त्यात दिसणारा आकडा. आत प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर ऐकतो याच्याशी ब्राउझरला घेणंदेणं नाही. राउटरवर बाहेरचा ८००६ आतल्या ६००० ला जोडला तरी साइट उघडते, कारण ब्राउझरला ८००६ च दिसतो. याच्या पुढची आणि योग्य पायरी म्हणजे पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी बसवायची, तिने ८० आणि ४४३ वर ऐकायचं, आणि नाव बघून त्या त्या साइटकडे पाठवायचं. यासाठी एक डोमेन घ्या आणि प्रत्येक साइटला उपनाव द्या. आमच्याकडे कलम, फवारणी, वही आणि पाऊस अशी चार उपनावं आहेत. पोर्ट कुणाला सांगावा लागत नाही, फोनवर पत्ता सांगणंही सोपं झालं.

प्रॉक्सीसाठी एनजिनएक्स घ्या किंवा कॅडी. ज्याला हे काम रोजचं नाही त्याला मी कॅडी सुचवतो. त्याच्या फाइलमध्ये एका साइटसाठी दोनच गोष्टी लागतात, उपनाव आणि आतला पत्ता, आणि एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र तो स्वतः आणतो, स्वतःच वेळेवर नवं करतो. एनजिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी_पास’ लिहून तेच होतं, प्रमाणपत्राची सोय वेगळी करावी लागते. फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची एचटीटीपी तपासणी फक्त ८० वरूनच होते, दुसऱ्या पोर्टवरून नाही. म्हणून ८० बाहेरून पोहोचण्यासारखा ठेवा, किंवा डोमेनच्या डीएनएस नोंदीतून तपासणीची पद्धत वापरा, तिला कुठलाच पोर्ट उघडा लागत नाही.

आमची पावसाची साइट आता परत ६००० वरच ऐकते, फक्त १२७.०.०.१ वर. कॅडी तिच्याशी बोलतो. कॅडी ब्राउझर नाही, त्यामुळे त्याला मनाई नाही. राउटरवरची ३०००, ४०००, ५०००, ६००० या चारही वाटा मी काढून टाकल्या, आता फक्त ८० आणि ४४३ उघडे आहेत.

प्रॉक्सी बसवल्यावरही हा दोष एका आडवाटेने परत येतो, आणि तो मला आणखी एक संध्याकाळ खाऊन गेला. मुख्य पान उघडायचं, पण लॉगिन केलं की पुन्हा अनसेफ पोर्ट. प्रोग्रॅमला आपला जाहीर पत्ता माहीत नव्हता. लॉगिननंतर तो माणसाला ‘पुढे इथे जा’ म्हणून जो पत्ता देत होता, त्यात शेवटी ६००० चिकटलेला होता. यासाठी प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाहीर पत्ता भरायचा आणि प्रॉक्सीने मूळ होस्ट नाव आत पोहोचवायचं. कॅडी ते आपणहून करतो, एनजिनएक्सला सांगावं लागतं.

उपनावांमुळे आणखी एक जुनं दुखणं गेलं. गटाच्या सचिवांची कायम तक्रार असायची की जमाखर्चाच्या वहीत लॉगिन केलं की कलमांच्या नोंदणीतून आपोआप बाहेर पडायला होतं. मी दोन्ही प्रोग्रॅम तपासून थकलो होतो. कारण असं की कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद, पोर्ट पाहत नाही. एकाच आयपीवर ३००० आणि ५००० अशा दोन साइट असतील, तर ब्राउझरच्या लेखी त्यांची कुकीची पेटी एकच, आणि दोघांनी कुकीला सारखंच नाव दिलं असेल तर एक दुसरीला पुसते. वेगवेगळी उपनावं दिली की पेट्या वेगळ्या होतात.

आमच्या भागात बऱ्याच जणांचं इंटरनेट मोबाइलच्या सिमवर किंवा अशा जोडणीवर असतं जिथे घराला स्वतःचा जाहीर आयपी मिळतच नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर एकच जाहीर आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि राउटरवर कितीही पोर्ट पुढे पाठवले तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. तिथे बोगद्याचा मार्ग घ्यावा. क्लाउडफ्लेअर टनेलसारखी सोय आपल्या संगणकातून बाहेरच्या दिशेने जोडणी करते आणि लोक नेहमीच्या ४४३ वरून येतात. टेलस्केलच्या फनेलमध्ये ४४३, ८४४३ आणि १०००० एवढेच तीन पोर्ट मिळतात, आणि तिन्ही यादीबाहेरचे आहेत.

आकडा टाळताच येत नसेल तर

८००० ते ८९९९ या पट्ट्यातून निवडा. आज यादीतला एकही आकडा त्यात नाही. साध्या एचटीटीपीला ८०८०, एचटीटीपीएसला ८४४३ हे सर्वांत ओळखीचे. तुमचं डोमेन क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागे असेल तर तिथे मोजकेच पोर्ट चालतात. हे दोन त्यात आहेत, ८००० मात्र नाही. मॅकवर चाचणी करणाऱ्यांनी ५००० आणि ७००० सोडावेत. ब्राउझर त्यांना अडवत नाही, पण मॉन्टेरे आवृत्तीपासून मॅकचा एअरप्ले रिसीव्हर ते धरून बसतो.

पोर्ट यादीबाहेरचा असूनही साइट उघडत नसेल तर दोन गोष्टी पाहा. कॉलेज, बँक, सरकारी कार्यालय अशा ठिकाणचं नेटवर्क पुष्कळदा ८० आणि ४४३ सोडून बाकी सगळं अडवतं. तालुक्याच्या कार्यालयात बसून तुमचं पान पाहणाऱ्या माणसाला ८०८० सुद्धा उघडणार नाही. ही अडचण टाइम्ड आउट म्हणून दिसते. दुसरी गोष्ट एचएसटीएस. डोमेनने एकदा ‘मला नेहमी एचटीटीपीएसनेच भेटा’ असं सांगितलं की ब्राउझर ते सगळ्या पोर्टला लावतो. मग साध्या एचटीटीपीवर चालणाऱ्या ८०८० ला ब्राउझर एचटीटीपीएसने हाक मारतो, पोर्ट तोच ठेवून, आणि एसएसएलची त्रुटी दाखवतो. ‘डेव्ह’ आणि ‘अ‍ॅप’ या शेवटाच्या डोमेनांना तर हे जन्मतःच लागू असतं.

राहिली एक गोष्ट, ती साइट जाहीर करण्याआधीच कळायला हवी. मी ६००० चा पत्ता असलेले क्यूआर कोड छापून आठ गावांत लावून ठेवले होते: ग्रामपंचायतीच्या फलकावर, दूध डेअरीत, दोन किराणा दुकानांत. मला वाटलं, जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे वळवून देऊ. ते होत नाही. वळवायला ब्राउझरने आधी सर्वरपर्यंत यावं लागतं, आणि या पोर्टवर तो येतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नवा पत्ता कळवला, तरी भिंतीवरचा क्यूआर जुनाच राहतो. शेवटी मोटरसायकल काढली, नवे कोड छापून घेतले आणि दोन दिवस फिरून जुन्यांवर एकेक करून चिकटवले. प्रत्येक ठिकाणी दुकानदाराच्याच मोबाइलने तो स्कॅन करून, पान उघडलेलं पाहूनच पुढच्या गावाला गेलो.